मास्तरांचा पाय

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मास्तरांचं शिवणाचं दुकान आहे. रस्त्याकडे उघडणारी एक खोली, तिच्यात कापायचं लांब टेबल, भिंतीशी पायानं चालवायचं जुनं मशीन, आणि पडदा सारून आत गेलं की त्यांचं घर. घरात मास्तर आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघेच. थोरल्यांना सगळी इमारत दादा म्हणते. त्यांनी जन्मभर बस चालवली. लग्न दोघांनीही केलं नाही. का, असं विचारलं की एकमेकांकडे बोट दाखवतात.

मास्तर आता नवे कपडे शिवत नाहीत. लांब असेल ते आखूड करायचं, घट्ट असेल ते सैल. माझ्या यजमानांचे कोट त्यांनीच वर्षानुवर्षं सैल करत आणले, आणि शेवटच्या आजारात तेच कोट एकेक करून आत घेतले. तेव्हा मापं घेताना ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मला हा माणूस आवडतो.

मास्तर मेंडोलिन वाजवतात आणि दादा बोंगो. दर शनिवारी संध्याकाळी चौकापलीकडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दोघे भाऊ बसायचे. ऐकायला आमच्यासारखी पिकली पानं आणि त्यांना सोडायला आलेल्या सुना. गेल्या वर्षी दादांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात तेवढा आला नाही. बोंगो कपाटावर गेला.

मास्तर काही दिवस एकटेच वाजवत राहिले, दादा पहिल्या रांगेत बसून ऐकायचे. मग वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, राग मानू नका, पण नुसत्या मेंडोलिननं हॉल भरत नाही. लोक आपसांत बोलायला लागतात. जोडीला कुणीतरी बघा, नाहीतर शनिवार मला दुसऱ्यांना द्यावा लागेल."

दादा घरात बसलेले असताना दुसरा जोडीदार आणायचा, हे मास्तरांच्या जिवावर आलं. म्हणून ते वाद्यांच्या दुकानात गेले आणि पायाखाली ठेवायची एक काळी पट्टी घेऊन आले. पट्टीवर एकच मोठं बटण. तिला जोडलेलं एक अ‍ॅप मोबाइलमध्ये घालून घेतलं होतं. ते सगळं आणि सोबतचा माहितीचा कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"ताई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. हे इंग्रजी जरा बघा ना. दुकानातली मुलगी म्हणाली, यात तुमचे तुम्हीच जोडीदार."

"म्हणजे काय?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलोय."

सिस्टरांनी मला व्याकरण असं घोटून शिकवलं होतं की त्या कागदावरचं प्रत्येक वाक्य मी तोडून पुन्हा जोडू शकत होते. अर्थ मात्र लागेना. बटण दाबलं की वाजवलेलं साठवायला सुरुवात. परत दाबलं की साठवणं बंद, आणि तेवढाच तुकडा फिरून फिरून वाजत राहणार. त्याला लूप म्हणायचं. तो वाजत असताना परत दाबलं की त्याच्यावर दुसरा थर. आणि दाबून धरलं की सगळं पुसलं जाणार.

"म्हणजे दाबायचं का नाही?" मास्तरांनी विचारलं.

"दाबायचं. पण धरायचं नाही."

"कळलं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आम्ही दोघेही सारखेच अंधारात होतो.

दुपारी दुकानात प्रयोग झाला. मोबाइल कापायच्या टेबलावर, बाजूला छोटा स्पीकर, पट्टी पायाशी. मास्तरांनी बटण दाबून मेंडोलिनच्या पोटावर बोटांनी ठेका धरला, परत दाबलं, आणि हात उचलून घेतला. ठेका चालूच राहिला. ते एकदम मागे वळून बघू लागले, कुणी आलं का म्हणून. खरं सांगायचं तर मीही बघितलं.

मग त्यांनी डोळे मिटून सूर लावला आणि घोटाळा झाला. मास्तरांचा उजवा पाय चालायला लागला. चवडा, टाच, चवडा, टाच. आयुष्यभर हात कामाला लागले की पाय मशीन चालवणार, ही त्यांच्या अंगाची रीत. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पायाखाली बटण दबत होतं आणि स्पीकरमधून थरावर थर चढत होते. अर्धा ठेका, पाव सूर, मध्येच माझं खोकणं, आणि पुन्हा पुन्हा माझं खोकणं.

"मास्तर, पाय!"

"काय झालं पायाला?"

पडद्याआडून दादांचा आवाज आला. "अरे, कोण कोण आलंय? भांडतायत का?"

"कोणी नाही दादा, मीच आहे."

"एवढे सगळे तूच?"

मास्तरांनी घाईघाईनं बटण दाबून धरलं. सगळं गप्प झालं. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "ताई, हे जमलं तर दादाला वाटेल, माझ्या जागी फोन बसवला. नाही जमलं तर शनिवार गेला, आणि त्याला आठवड्यात घराबाहेर पडायला तेवढंच एक निमित्त आहे. मला हे जमायला हवंय का नकोय, तेच कळेनासं झालंय."

मला तरी काय कळत होतं? मी त्यांना उजव्या पायात बूट घालून बघायला सांगितलं. बूट घालून पाय चालला, फक्त आवाज जास्त झाला.

शनिवारी दादा नेहमीसारखे पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले. उजव्या हातानं डावा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. काळी पट्टी त्यांनी पाहिली होती. घरात त्याबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं.

"हेच का ते माझं स्थळ?" त्यांनी मला विचारलं.

"कसलं स्थळ?"

"माझ्या जागी आणलेलं. रंगानं काळंच दिसतंय."

मास्तरांनी ठेका साठवला. तो फिरू लागला, मागच्या रांगांतली कुजबुज थांबली. व्यवस्थापक दारात उभे होते, तेही जरा पुढे सरकले. मग मास्तरांनी मेंडोलिन छेडलं, डोळे मिटले, आणि मी पायाकडे बघून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला घेतली. चवडा, टाच. ठेका मध्येच तुटला, दुहेरी झाला, त्याच्यावर सूर चढले, सुरांवर सूर. मागून कुणीतरी हसलं. मास्तर जोरात वाजवू लागले आणि पाय त्याहून जोरात चालला.

दादा उठले. स्वतःची खुर्ची एका हातानं फरफटत त्यांनी मास्तरांच्या शेजारी नेली, बसले, आणि बुटाच्या टोकानं पट्टी आपल्याकडे ओढून घेतली.

"काढ तो पाय. हे काय शिलाई मारण्याचं काम आहे?"

"दादा, तुला ठाऊक नाही, दाबून धरलं तर..."

"ब्रेकवर पाय कधी ठेवायचा आणि कधी काढायचा, हे तू मला सांगणार?"

आधी त्यांनी पट्टी दाबून धरली. सगळं पुसलं गेलं. मग एकदा दाबली आणि उजव्या हातानं खुर्चीच्या लाकडी बाजूवर वाजवायला सुरुवात केली. ते काहीतरी अर्धवट होतं, मध्ये मध्ये खड्डे पडलेलं. दाबलं, ते खड्ड्यांसकट फिरू लागलं. मास्तर गोंधळून त्यांच्याकडे बघत होते. दादांनी पुन्हा पट्टी दाबली आणि त्याच उजव्या हातानं नेमके ते खड्डे भरत गेले. परत दाबलं आणि हात खाली घेतला.

दोन्ही हातांचा बोंगो वाजत होता. दादांची ती चाल हॉलमधल्या प्रत्येकाच्या कानात बसलेली होती, तीच. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर होता तसाच होता, आणि तरी वाजत होता. मला काय बघावं आणि काय ऐकावं ते समजेना. मास्तरांचीही तीच गत. त्यांची सुरुवात हुकली.

"चुकलास? असू दे. ते पुन्हा फिरून येतंय," दादा म्हणाले. "आता घे."

मास्तरांनी घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक आले. मोबाइल उलटासुलटा करून बघितला, दादांच्या हाताकडे बघितलं, मग मला विचारलं, "ताई, नक्की कोण काय वाजवत होतं?"

मी म्हटलं, "मला विचारू नका."

"बरं, पुढच्या शनिवारच्या पाटीवर काय लिहू? एक माणूस का दोन?"

"दोन," मास्तर चटकन म्हणाले.

"आणि तो कपाटावरचा बोंगो खाली काढ," दादा त्यांना म्हणाले. "खुर्चीवर वाजवून बोटं दुखली माझी."