सुटलेला चेंडू कोणाच्या नावावर

क्वार्टरबॅक म्हणजे काय हे मला पन्नाशीला टेकल्यावर समजून घ्यावं लागलं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर माझ्या मुलीने हॉकी सोडून अमेरिकन फुटबॉल धरला; मुलींचा, अंगावर न पडता समोरच्या खेळाडूच्या कमरेची फीत ओढायची असा. क्वार्टरबॅकच्या हातात दर वेळी आधी चेंडू येतो, आणि धावत सुटलेल्या आपल्या मुलींपैकी कोणाकडे तो फेकायचा हे तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. जिच्याकडे फेकला तिने झेलला तर ठीक. तिच्या हातून सुटला तर नापास कोण, तर बहुधा क्वार्टरबॅकच.

इथपर्यंतही मी काही बोलले नसते. पण नवरा. हा इथे इंग्लंडात ब्रॅकनेलला एका ऑफिसात डेटाचं काम करतो आणि शनिवार-रविवारी तेच काम फुकट करतो. मैदानाच्या कडेला टीमची कोच एकदा सहज म्हणाली की कोणी आकडे ठेवले तर बरं होईल. झालं, माकडाच्या हाती कोलीत. तेव्हापासून हा चिखलात छत्री धरून टॅब्लेटवर बोटं आपटत असतो.

टीममध्ये क्वार्टरबॅक दोन, आमची आणि एक उंच वेल्श मुलगी. सीझनच्या शेवटच्या मॅचला सुरुवातीपासून कोणी खेळायचं हे कोचला ठरवायचं होतं, म्हणून तिने ह्याच्याकडे आकडे मागितले. ह्याने पाठवले. त्यात आपली पोर खाली. ती वीकेंडला घरी आली होती, तर जेवताना तिला हे सांगितलंही, हवामानाचा अंदाज सांगावा तसं.

"अरे, अर्धे बॉल त्या दुसऱ्या मुलींनी सोडलेत," मी म्हणाले. "आणि कोणी मोकळं नसलं की ही मुद्दाम लाइनबाहेर फेकते, दुसऱ्या टीमच्या हाती पडू नये म्हणून. टेस्ट मॅच बघताना तूच म्हणतोस ना, ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडायलाही अक्कल लागते. मग हिची अक्कल कुठे मोजलीस?"

"त्याचा कॉलम नाही."

"मग टाक."

"स्वतःच्या मुलीसाठी नवा कॉलम टाकू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे कोण, मला कळेना. ह्याची आई पुण्यात शिक्षिका होती. हा तिच्याच वर्गात, आणि पक्षपात नको म्हणून ती ह्याचा पेपर सगळ्यात कडक तपासायची. हे तो अजून अभिमानाने सांगतो, स्लाऊहून भाजी आणताना गाडीतसुद्धा सांगतो.

आकड्यांचं मला कौतुक नाही याला कारण आहे. मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन वेळेवर सुरू झालं की नाही एवढंच आमच्या नावावर दिसतं. घाबरलेल्या बाईचा हात धरून मी थोडी थांबले तर तो उशीर म्हणून लागतो. हे ह्याला कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोचचा मेसेज आला. सुरुवात वेल्श मुलगी करणार. मुलीने तो वाचला, फोन उपडा ठेवला आणि पोहे खात राहिली. "ओके," एवढंच म्हणाली. मला ते बघवेना. एका पालकाने केलेलं मागच्या मॅचचं रेकॉर्डिंग मी टीव्हीवर लावलं आणि ह्याला म्हटलं, आता माझ्यासमोर मोज.

आमचीने फेकलेला चेंडू एका मुलीच्या दोन्ही तळव्यांवर आदळून खाली पडला. "जरा उंच होता," हा म्हणाला. थोड्या वेळाने वेल्श मुलीने फेकलेला तेवढ्याच उंचीवरून, तसाच पडला. "हा ड्रॉप. झेलायला हवा होता, फेकणारीच्या नावावर नाही." मी दोन्ही पुन्हा दाखवले. जरा उंच. ड्रॉप. तिसऱ्यांदा त्याचं त्याला ऐकू आलं आणि तोंड उतरलं.

म्हणजे संशय आला की माप आपल्या पोरीच्या विरुद्ध. आणि मी त्याला आकडा समजून भांडत होते. सासूबाईंचं लाल पेन होतं ते. हातातला रिमोट मीच फेकला असता, आणि तो ह्याला नक्की लागला असता.

"मी कोचला मेल करतो," हा उठला. "सगळं परत मोजतो."

"नको, बाबा," मुलगी म्हणाली. "टीम अनाउन्स झाली. अँड शी इज गुड, ऑनेस्टली." मग थांबून म्हणाली, "दर मॅचनंतर मी विचारते ना, कशी खेळली मी? तू परसेंटेज सांगतो. तुला काय वाटला ते नाही सांगत. एव्हर."

"मला वाटून काय उपयोग? मी बाप आहे."

"म्हणून तर विचारते."

 ह्याने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि रेकॉर्डिंग मागे नेलं. शोधावं लागलं नाही; कुठे थांबायचं ते पाठ होतं. दोघी तिच्या अंगावर धावून येतात, ही अर्धं पाऊल बाजूला सरकते आणि चेंडू थेट लांबच्या कोपऱ्यात जातो. तिकडच्या मुलीच्या हातून तो सुटला होता, म्हणजे ह्याच्या हिशेबात ही नापासच. ह्याने तो परत लावला. पुन्हा लावला.

"खांदा बघ तिचा," हा मला म्हणाला. "दोघी अंगावर येतायत आणि खांदा हललासुद्धा नाही. असा थ्रो मी अख्ख्या सीझनमध्ये दुसरा पाहिला नाही."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोरगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

"अरे, मला काय सांगतोस," मी म्हणाले. "ती इथेच बसली आहे."