भिवापूरहून दादाला

"नाव समजलं. पण ही तुमची कोण?" भांड्यावर नाव घालण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारायचेच. बहीण, मावशी, नणंद, काहीतरी उत्तर मिळालं की मान डोलवायचे आणि मगच कोरायचं मशीन सुरू करायचे.

इतवारीच्या बाजारात भांडी घेतली असतील तर अशी नावं कोरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ते आमच्या दुकानाच्या पायरीवर बसत, मी आत गिऱ्हाइकं बघायचो. त्यांचं स्वतःचं असं कोणी नव्हतं. दिवसभर लोकांच्या आयाबहिणींची नावं कोरायची आणि संध्याकाळी एकट्यानं खोलीवर जायचं.

एकदा त्यांनी फोनचा नंबर बदलला आणि नव्या नंबरवर भिवापूरहून एका बाईचे व्हॉइस मेसेज येऊ लागले. तो नंबर पूर्वी तिच्या भावाचा होता. भाऊ रुसून बसलेला, ही त्याला मनवत होती. "दादा, मिरच्या वाळू घातल्या, तुले पाठवते." "दादा, पोरीचं लग्न ठरलं. मांडवात तिले मामाच आणतो ना गा. राग सोड."

दुपारी गल्ली सुस्तावली की ते डोळे मिटून हे ऐकत बसत. समोरून हातगाडी खडखडत गेली तरी त्यांना पत्ता नसे. आवाज मला आतपर्यंत यायचा आणि खरं सांगतो, त्या स्टीलच्या लखलखाटात मलाही लाल मिरच्यांचं अंगण दिसू लागायचं.

शेवटी मीच चिडलो. "अहो, तिले सांगा ना, नंबर दुसऱ्याचा आहे म्हणून!"

त्यांनी आपल्या आवाजात मेसेज करून सांगितलं. लगेच उत्तर आलं, "दुसऱ्याले बोलायले लावून राहिला काय, दादा? इतका राग?" आणि ती रडायलाच लागली.

भाऊ आमच्याच शहरात, मनीषनगरात राहतो, एवढं मेसेजमधून कळलं होतं. दोन रविवार ते तिकडे वॉचमनना, किराणावाल्यांना विचारत हिंडले. "भिवापूरचं कोणी राहते का गा इथं?" दुसऱ्या रविवारी भाऊ सापडला. त्यानं दारात उभ्यानंच बहिणीचा आवाज ऐकला, चष्मा पुसला आणि आपला नवा नंबर कागदावर लिहून दिला. "मी नाही करत पहिले. तिले द्या, तिनं करावा." काय म्हणावं अशा माणसाला!

लग्न सहा दिवसांवर आलेलं आणि कागद यांच्या खिशात. सोमवारी मी विचारलं, "दिला?" "देतो ना." मंगळवारी तेच. बुधवारी माझा पारा चढला. "काहून थांबले तुम्ही? तिकडे पोर मामाची वाट पाहून राहिली!"

ते हातातल्या तांब्याकडे बघत राहिले. "मग मले दादा कोण म्हणणार गा?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या संध्याकाळी त्यांनी नंबर पाठवला.

मामा लग्नाला गेला. मेसेज थांबले. पुढे हात थरथरू लागला म्हणून यांनी काम सोडलं. आता ते कुठे असतात, आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. आठवते ती लग्नानंतरची एक दुपार. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे सगळे तिच्या दादाले पाठवून दे, अन् इथून पुसून टाक. त्याचे आहेत."

मी एकेक पाठवत, पुसत गेलो. शेवटचा मेसेज उरला तेव्हा त्यांनी फोन काढून घेतला आणि तो मेसेज लावला.

"दादा, जेवला का गा?"

"जेवलो वं," रेकॉर्डिंगचं बटण न दाबताच ते हळूच म्हणाले आणि फोन परत माझ्या हातात दिला.