आई साडेबाराला यायची

गेलेलं माणूस आपल्याला कधीच सोडून जात नाही, असं तेराव्याला कीर्तनकारांनी सांगितलं. रावेरला आमची आई मात्र फक्त जेवणाआधी यायची. वडिलांना घाम फुटायचा, हात थरथरायचे आणि ती त्यांना दारात दिसायची. भगताने मंतरलेला गूळ खाल्ला की जायची. भगताचं नाव झालं.

शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "आई गेल्यावर उदासीसाठी जी नवी गोळी सुरू केली, तिने मधुमेहाच्या गोळीचा जोर वाढलाय. साखर फार उतरते. मधुमेहाची अर्धी करू."

"नाही केली तं?" वडिलांनी विचारलं.

"जीव जाईल, आबा."

दुसऱ्या दिवसापासून मी अडकित्त्याने गोळी अर्धी करू लागलो. आई पुन्हा आली नाही.