पावण्यांना घातलेली शेव

आमच्या गावच्या कुरवांना, त्या समुद्रपक्ष्यांना, पहिली शेव मी घातली. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या चाकरमान्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितोय.

मी गाव सोडलं ते थंडीच्या तोंडाशी. पावस गावाच्या खालच्या अंगाला आमचा किनारा. त्या सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू होतं आणि दूरदेशीचे ते पांढरे कुरव नुकतेच उतरले होते. गावात त्यांना पावणेच म्हणतात. आई माझी बॅग घेऊन एस्टीपर्यंत आली. "पावणे आले नि तू चाललास, मेल्या," एवढंच म्हणाली.

रापणीचे वाटे पडले की शेवटचा वाटा पावण्यांचा. जाळ्यातली बारीक, ताजी मासळी ओल्या वाळूत ठेवायची आणि मागे व्हायचं. हाका मारायच्या नाहीत, उडवायचं नाही. "आपण खातो तेच पावण्याच्या पानात," आई म्हणायची. ती गेल्यावर हे काम दादाच्या बायकोकडे, वहिनीकडे आलं.

मी डोंबिवलीचा झालो. फ्लॅट, ईएमआय, रविवारी मुलांना घेऊन फिरणं. एकदा लाँचमधून जाताना लोक मागे उडणाऱ्या कुरवांना शेव-गाठ्या फेकत होते. ते हवेतच झेलायचे. मुलं खूष झाली. मला वाटलं, हे आपल्या गावी का नाही?

म्हणून एका डिसेंबरात शेवेची मोठी पिशवी घेऊन गेलो. वहिनी वाटा ठेवून नुकती मागे सरली होती. मी शेव उधळली आणि पावणे तो वाटा टाकून माझ्यावर आले. मोबाइल चालूच होता. हसत म्हणालो, "आमचे गाववाले यांना अजून सडकी मासळी घालतात. आज यांना पार्टी."

"सडकी नाय हां भावजी, आताची हाय ती," वहिनी बाजूने म्हणाली. तेही व्हिडिओत आलं. तो मी नेटवर टाकला, लोकांनी खाली हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला.

पुढच्या थंडीपासून तो व्हिडिओ बघून पर्यटकांच्या गाड्या येऊ लागल्या. यंदा गेलो तर किनाऱ्याला खवट तेलाचा वास. शेवेचा लगदा पायाला चिकटत होता, त्यात प्लॅस्टिक, त्यावर माश्या. नाकाला ओढणी लावून एक बाई शेव उधळत होती आणि तिचा नवरा सांगत होता, "अजून टाक, जवळ येऊ देत." कुरव एकमेकांच्या चोचीतलं ओढत होते. एकाच्या पायात फाटकी पिशवी अडकली होती. उकिरड्यावरचे कावळे बरे. पण त्या बाईची किळस करायला मला तोंड नव्हतं. ती माझीच नक्कल करत होती.

पलीकडे ओल्या वाळूत वहिनीने ठेवलेला वाटा होता. तो कुत्री खात होती. पावणा एकही फिरकला नाही.

"तरी ठेवता, वहिनी?"

"वाटा पडला तर ठेवायला नको? तुमच्या पार्टीतून सवड झाली तर येतील." ती कुत्र्यांकडेच बघत होती.

तिकडे मी कोकणातला म्हणून मिरवतो, इथे मुंबईचा म्हणून. घर कुठलं, हे पूर्वी मला सहज सांगता यायचं. आता वाटतं, जिथे काही करण्याआधी मागे राहिलेल्यांना विचारावं लागतं, ते घर. मी विचारलं नव्हतं. व्हिडिओ कधीच काढून टाकला होता, पण तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. दर खेपेला तिच्या हातचं जेवून परत जात होतो.

तिथेच, गाडीवाल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, मासळी ताजी होती. सडकं मी बोललो. मला माफ करा."