अळूच्या वाफ्याचं पाणी

सूनबाईच्या शिक्षणात मी वर्षभर खोडा घातला. मुद्दाम नव्हे, पण अजाणताही नव्हे. म्हणून लिहून टाकतो.

लोणी देवकरच्या एका कारखान्यातली नोकरी सांभाळून ती बारामतीला सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होती. हे काय असतं, असं विचारलं तर म्हणाली, "आबा, एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडं काय हलतं, ते शोधायचं." प्रकल्पाला तिनं वरकुट्यातली आमचीच पाण्याची चारी निवडली.

चारीच्या तोंडाशी एक आणि शेवटाला एक, अशी पाणी मोजायची दोन यंत्रं तिनं बसवली. शेवटचं रान शेजारच्या तात्यांचं. त्यांची पाणी घ्यायची पाळी असली की दुपारी अर्धा तास खालच्या यंत्राची आलेखावरची रेघ खाली वाकायची. तिनं खेकड्यांची बिळं शोधली, झिरपण्याचं गणित मांडलं. जमेना.

"तात्यांकडचा चारीचा बांध फुटका असंल," मी सुचवलं. तात्या बिचारे ओशाळले आणि स्वतः सिमेंट कालवून बांध लिंपला. रेघ वाकतच राहिली.

खरं असं, की तात्या जेवून लिंबाखाली आडवे झाले की मी माझं दारं, म्हणजे चारीला पाडलेलं मातीचं तोंड, उघडून अळूच्या वाफ्याला पाणी घ्यायचो. कित्येक वर्षं. अळूला एवढं पाणी लागतही नाही.

मग एका संध्याकाळी ती न जेवताच ओट्यावर बसली. कारण सापडल्याशिवाय तिचे कॉलेजातले सर प्रबंध घेणार नव्हते. "विषय बदलते. वर्ष गेलं," म्हणाली. माझ्याच्यानं राहवेना. सांगितलं.

ती ओरडली नाही. वही उघडली. "दारं उघडायचं कधी, कसं ठरवायचा?"

"तात्या घोरायला लागले की."

"आणि लावायचं?"

"घोरणं थांबलं की."

तिनं दोन्ही लिहून घेतलं. "हे असंच प्रबंधात जाणार. पण आधी तात्यांना सांगा."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळत. "मग सिमिट उकरू व्हय आता?" एवढंच म्हणाले.

सरांना मात्र खात्री हवी होती. पुढच्या पाळीला ते स्वतः बांधावर आले. तात्यांनी नेहमीसारखं झोपायचं आणि मी दारं उघडायचं, असं ठरलं. पण पाहुण्यांसमोर तात्यांना झोप कुठली लागायला? शेवटी ते डोळे मिटून मुद्दाम मोठ्यानं घोरू लागले. मी दारं उघडलं. थोड्या वेळानं रेघ वाकली. सर हसले आणि सूनबाईच्या कागदावर सही केली.

तात्यांनी एक डोळा उघडला. "झाली का पोरगी पास? मग लाव दारं, आबा. माझा ऊस वाळाय लागलाय."