कोरडे तांदूळ

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि हुज्जत पुढे चालू केली... आठवलं की स्वतःचीच किळस येते.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आम्ही दोघं बरोबर वाढलो. तो कॉलेजात माणूस गुन्हा का करतो हे शिकवू लागला. मी नाशिकरोडला स्वतःच्या हिमतीवर मोटरपंपांचं दुकान काढलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दुकानातून एक मोटर गेली. मी भगताकडून मंतरलेले तांदूळ आणून दुकानातल्या सगळ्यांना चावायला लावले. ज्याचे कोरडे राहतील तो चोर. मेहुणा पान चघळतच आला, त्याचे ओले. सुरगाण्याकडचा नोकर काशिनाथ, त्याच्या तोंडाला भीतीने कोरड पडलेली, त्याचे कोरडे. भर रस्त्यात चोर म्हणून त्याला हाकललं.

भास्कर ऐकून तडक आला. “रघ्या, कुणी म्हणतं माणूस भुकेनं चोरी करतो, कुणी म्हणतं संगतीनं, कुणी म्हणतं संधी मिळाली म्हणून. काही तर म्हणतात, चोर चोर म्हणून आपणच त्याला चोर करतो.”

“आणि जन्मजात?”

“ते मत जुनाट. तुझ्या तांदळांपेक्षा थोडं बरं, इतकंच. भूक म्हणशील, तर चार वर्षांत काशिनाथनं खिळा उचलला नाही. संधी म्हणशील, तर किल्ली कुणाकडे असते?”

किल्ली मेहुण्याकडे असायची. मी भास्करला बाहेर काढलं. पुढे मोटर मेहुण्याच्याच विहिरीवर सापडली.

“आता काशिनाथच्या गावात जाऊन तो चोर नाही हे चारचौघांत सांग,” भास्कर म्हणाला. मी गेलो नाही. त्यानंतर माझ्या दुकानात त्याने कधी चहा घेतला नाही. हा राग मी वर्षानुवर्षं जपला. चोराला कारण, खुन्याला कारण. त्याच्या पुस्तकांत मलाच तेवढं कारण नव्हतं?

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो. पुस्तकांच्या खोलीत काशिनाथ बसला होता, केस पांढरे झालेला.

“रामराम शेठ. सर आमच्या गावात आलं व्हतं. चोरी तू केली नाय, हा शेठचा निरोप हाय, असं सगळ्यांम्होरं सांगून गेलं.”

घासाघीस न करता मिळालेला हा माल मला गिळवेना. “काशिनाथ, तो निरोप माझा नव्हता.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “तुम्ही धाडणार नाय, हे गावाला ठावं व्हतं. पण सर एवढा घाट चढून खोटं बोलाय आलं, म्हणून आम्ही ऐकून घेतलं.”