हौदाआधीचं पाणी

माझी धाकटी जाऊ लोणारकडची. लग्नात तिच्या बापानं तिला एक पांढरी मेंढी आंदण दिली होती. दुसऱ्याच महिन्यात आमच्या मेंढरांना खरूज लागली. लोकर झडायला लागली, कातडीवर खपल्या धरल्या. बाहेरचं जनावर घरात घेतलं की असंच होतं, हे मी सासऱ्यांच्या कानावर घातलं. खरं तर आमचा एडका तिच्या लग्नाआधीपासून बाभळीला अंग घासत होता. मी ते पाहिलं होतं. पण नव्या सुनेचं घरात इतकं कौतुक चालायचं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासऱ्यांनी मोताळ्याहून औषध आणलं, हौदातल्या पाण्यात कालवलं. लोकर कातरलेली मेंढरं एकेक करून त्यात बुडवायची, एकदा डोक्यासकट. त्यांचा एकच नियम होता: त्याआधी प्रत्येक जनावराला पोटभर पाणी पाजायचं. तहानलेलं जनावर औषधच पितं. हे काम धाकटीकडे होतं, पण त्या दिवशी ती तापानं फणफणली होती. तिनं मला विनवलं. मी हो म्हटलं.

सगळी मेंढरं पाजली. तिची पांढरी तेवढी खुंट्याला तशीच ठेवली. विसरले नव्हते. ती ओरडत होती, तरी मी बादली तिच्यापुढून नेली.

हौदात त्या मेंढीनं अधाशासारखे घोट घेतले. सासऱ्यांनी तिची मान वर ओढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुपारी तिच्या तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. धाकटी अंथरुणातून उठून आली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हे बघून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. थोडा वेळ वाटलंही.

“पानी पाजलं होतं काय वं हिले?” सासऱ्यांनी धाकटीलाच विचारलं.

ती एक शब्द बोलली असती, तर मला या घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती माझ्याकडे बघत राहिली.

“इसरली मी, मामाजी.”

सासऱ्यांनी चार माणसांदेखत तिच्या आईबापाचा उद्धार केला आणि मेलेली मेंढी तिलाच ओढत न्यायला लावली.

याला सहा वर्षं झाली. ती माझ्याशी गोड बोलते, त्या दिवसाचं नाव काढत नाही. मी शेतातून आले की न मागता पाण्याचा तांब्या पुढं करते. मी तो आधी हुंगते, मगच तोंडाला लावते. पिऊन होईस्तोवर ती समोर उभी असते.